एकच प्रोग्राम सगळ्या संगणकांवर का चालत नाही?

मोबाइल नंबर ‘पोर्ट करणे’ हा शब्दप्रयोग आता घराघरांत पोहोचला आहे. २० जानेवारी २०११ रोजी ही सोय देशभर सुरू झाली आणि नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. त्याआधी सेवा कितीही वाईट असली तरी अनेक ग्राहक तीच कंपनी धरून राहत. नंबर बदलला की नातेवाइकांपासून बँकेपर्यंत आणि गॅस एजन्सीपर्यंत सगळीकडे कळवत बसावे लागे. सॉफ्टवेअरच्या जगात हाच शब्द कितीतरी आधीपासून वापरात आहे आणि त्यामागचा प्रश्नही जवळपास तोच आहे. एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर नेता येतो का? येत असेल तर किती कष्टांत? आणि नेता येत नसेल, तर त्याची किंमत कोण मोजतो?

एखादे सॉफ्टवेअर डाउनलोड करायला गेले की विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी तीन वेगळी बटणे दिसतात. चुकीचे बटण दाबले तर फाइल उतरते, पण चालत नाही. गाणे, फोटो किंवा पीडीएफ मात्र कुठेही उघडते. प्रोग्राममध्येच असे काय वेगळे असते?

प्रोसेसर एकच, तरी अडचण का?

प्रोग्रामर जो मजकूर लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो माणसाला वाचता येतो, प्रोसेसरला नाही. प्रोसेसरला आकड्यांत मांडलेल्या अगदी लहान सूचना कळतात: ही संख्या उचल, तिच्यात ती मिळव, उत्तर अमुक जागी ठेव. सोर्स कोडचे अशा सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरची सूचनांची भाषा एक आहे. बहुतेक मोबाइलमध्ये आणि ॲपलच्या नव्या संगणकांमध्ये असणाऱ्या एआरएम प्रकारच्या प्रोसेसरची भाषा दुसरी आहे. एकासाठी तयार केलेल्या सूचना दुसऱ्याला थेट कळत नाहीत.

पण हे उत्तर पुरेसे नाही. एकाच लॅपटॉपवर विंडोजही टाकता येते आणि लिनक्सही. प्रोसेसर तोच असतो, तरीही विंडोजचा प्रोग्राम लिनक्सवर आपोआप चालत नाही.

याचे कारण असे की प्रोग्राम स्वतः फार थोडी कामे करतो. बेरीज-वजाबाकी, तुलना, अक्षरे जुळवणे एवढे त्याला जमते. फाइल उघडणे, पडद्यावर काही दाखवणे, इंटरनेटवरून माहिती आणणे, मेमरीतली जागा मागणे यांसाठी त्याला ऑपरेटिंग सिस्टिमकडे विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. दाखला काढायला गेलेल्या माणसाला प्रत्येक कार्यालयात वेगळा नमुना, वेगळी खिडकी आणि वेगळी जोडपत्रे सांगितली जातात, तसेच इथे होते. काम एकच असले तरी ते मागण्याची रीत प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वेगळी असते.

हा वेगळेपणा अगदी बारीक पातळीवर असतो. इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरवरील लिनक्समध्ये ‘हा मजकूर लिही’ या विनंतीचा क्रमांक १ आहे. ३२ बिट लिनक्समध्ये त्याच विनंतीचा क्रमांक ४ आहे. विंडोजमध्ये असे क्रमांक आवृत्तीगणिक बदलू शकतात, म्हणून प्रोग्रामने ते थेट वापरायचे नसतात. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या लायब्ररींमार्फत, म्हणजे तयार कोडच्या संचांमार्फत, विनंती करायची असते.

प्रोग्रामच्या फाइलचा साचाही वेगळा असतो. विंडोजची एक्सई फाइल ‘एम’ आणि ‘झेड’ या दोन अक्षरांनी सुरू होते. मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर मार्क झ्बिकोव्स्की यांच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. लिनक्सच्या प्रोग्राम फाइलच्या सुरुवातीला एका खास बाइटनंतर ‘ई’, ‘एल’, ‘एफ’ ही अक्षरे असतात. पहिल्याच चार-दोन बाइटमध्ये ओळख पटली नाही की ऑपरेटिंग सिस्टिम पुढे वाचतच नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा कोणी सोडवला?

१९६० च्या दशकात ऑपरेटिंग सिस्टिम बहुधा असेम्ब्ली भाषेत, म्हणजे त्या त्या प्रोसेसरच्याच भाषेत लिहिली जात असे. यंत्र बदलले की बरेचसे काम नव्याने करावे लागे. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले, तेव्हा तीही अशीच एका छोट्या यंत्रासाठी लिहिलेली होती. पुढे रिची यांनी सी ही भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. ऑपरेटिंग सिस्टिमसारखे वेगाने चालावे लागणारे सॉफ्टवेअर यंत्राच्या भाषेतच लिहायला हवे, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता.

सी भाषेत लिहिले म्हणून युनिक्स लगेच कुठेही चालू लागली, असे मात्र झाले नाही. खरी परीक्षा १९७७ च्या सुमारास झाली. बेल लॅब्जमध्ये रिची आणि स्टीफन जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या पूर्णपणे वेगळ्या बनावटीच्या यंत्रावर नेली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी स्वतंत्रपणे ती इंटरडेटा ७/३२ वर चालवून दाखवली.

या प्रवासात एक गंमत झाल्याचे सांगितले जाते. जुने यंत्र दोन बाइटच्या जोडीत धाकटा बाइट आधी ठेवत असे आणि नवे यंत्र थोरला आधी. त्यामुळे पडद्यावर ‘यू-एन-आय-एक्स’ उमटण्याऐवजी ‘एन-यू-एक्स-आय’ असे उमटले. आजही बाइटच्या क्रमातून होणाऱ्या घोळाला प्रोग्रामर ‘नुक्सी’चा घोळ म्हणतात.

कोड नव्या यंत्रावर नेताना जिथे जिथे तो अडला, तिथे तिथे लिहिताना नकळत गृहीत धरलेली एखादी गोष्ट उघडी पडली. जॉन्सन यांनी अशा संशयास्पद जागा शोधून देणारा ‘लिंट’ नावाचा प्रोग्राम लिहिला. कोडमधील संभाव्य चुका आधीच दाखवणाऱ्या साधनांना आजही सरसकट ‘लिंटर’ म्हणतात, ते त्यावरूनच.

मग सगळ्यांनी एकच नियम का ठरवले नाहीत?

युनिक्स पसरली तशी तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. एटी अँड टीची एक, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेची दुसरी, शिवाय संगणक बनवणाऱ्या प्रत्येक मोठ्या कंपनीची आपापली. नाव युनिक्सचे असले तरी एकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर अडखळू लागला. यावर उपाय म्हणून आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८८ मध्ये पॉझिक्स हे मानक प्रसिद्ध केले. हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवले होते. ऑपरेटिंग सिस्टिमने आतून काम कसे करावे हे पॉझिक्स सांगत नाही. प्रोग्रामने फाइल कशी मागायची आणि उत्तरात काय मिळेल, एवढेच ते ठरवते. १९८९ मध्ये सी भाषेचेही अमेरिकी मानक आले.

आज लिनक्स आणि मॅकवर पुष्कळसा समान कोड चालतो, त्यामागे हा समान वारसा आहे. लिनक्स मोठ्या प्रमाणात पॉझिक्सचे नियम पाळते. मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम बर्कलीच्या युनिक्सचा वारसा सांगते. विंडोजची वंशावळ मात्र वेगळी आहे. त्यामुळे लिनक्सवरून मॅकवर जाणे हे पुण्याहून नाशिकला बदली होण्यासारखे असेल, तर विंडोजवर जाणे म्हणजे चेन्नईला बदली. काम तेच करायचे असते, पण रोजचा व्यवहार नव्याने शिकावा लागतो.

छोट्या फरकांतून मोठे घोळ कसे होतात?

मोठे फरक प्रोग्रामरला आधीच माहीत असतात. त्रास होतो तो बारीक फरकांचा. उदाहरणार्थ, ओळ कुठे संपली हे दाखवण्यासाठी लिनक्स आणि मॅक एक अदृश्य खूण वापरतात, विंडोज परंपरेने दोन वापरते. फाइलचा पत्ता लिहिताना विंडोजवर उलटी तिरकी रेघ देतात, तर इतरत्र सरळ तिरकी रेघ.

रोमन लिपीतील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा घोळ याहून चकवणारा आहे. लिनक्सच्या दृष्टीने कॅपिटल अक्षरांतले नाव आणि स्मॉल अक्षरांतले तेच नाव या दोन वेगळ्या फाइली असतात. विंडोज आणि मॅक एरवी त्यांना एकच समजतात. खुद्द लिनक्सच्या गाभ्याच्या सोर्स कोडमध्ये अशा काही जोड्या आहेत. तो कोड विंडोज किंवा मॅकवर नेहमीच्या पद्धतीने उतरवला तर जोडीतल्या दोनपैकी एकच फाइल उरते.

संख्यांच्या मापाचा फरक आणखी धोक्याचा असतो. सी भाषेत ‘लाँग’ नावाचा संख्येचा एक प्रकार आहे. ६४ बिट लिनक्स आणि मॅकवर तो ६४ बिटचा असतो, तर ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचाच. ३२ बिटच्या अशा संख्येत जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढाच आकडा मावतो. फाइलमध्ये आपण कितव्या बाइटवर आहोत हे जर प्रोग्रामने ‘लाँग’मध्ये मोजले, तर लिनक्सवर सुरळीत चालणारा तो प्रोग्राम विंडोजवर २ जीबीपेक्षा मोठी फाइल समोर आली की बिघडतो. चाचणी लहान फाइलींवर केली असेल तर हा दोष कोणाच्या लक्षातही येत नाही.

माहितीच्या बाबतीतही असेच घडते. एक्सेलमध्ये तारीख ही आत केवळ दिवसांची संख्या असते. विंडोजवरील एक्सेलने मोजणी १९०० पासून धरली. मॅकवरील जुन्या एक्सेलमध्ये ती १९०४ पासून धरली जात असे. दोन्ही मोजण्यांत १,४६२ दिवसांचा फरक पडतो. म्हणून एका पद्धतीच्या फाइलमधली तारीख दुसऱ्या पद्धतीच्या फाइलमध्ये चिकटवली की ती चार वर्षे आणि एक दिवस सरकू शकते. दिसायला ती अगदी खरी तारीख असते, त्यामुळे चूक सहज सापडत नाही.

मराठी मजकूर टाइप करणाऱ्यांना तर हा अनुभव नवा नाही. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीच्या फाँटमध्ये ‘क’ला कोणता आकडा द्यायचा हे त्या त्या कंपनीचे ठरलेले असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे राष्ट्रीय मानक आले आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आराखड्यावर बेतलेली होती. आज मराठी संदेश कोणत्याही फोनवरून कोणत्याही फोनवर सारखाच दिसतो. अक्षरांच्या आकड्यांबद्दल सगळ्यांनी एक करार मान्य केला, म्हणून हे शक्य झाले.

प्रोग्राम सगळीकडे चालवण्याचे मार्ग कोणते?

साधारणपणे तीन मार्ग आहेत आणि प्रत्येकात कष्ट वेगळ्याच्या वाट्याला येतात.

पहिला मार्ग म्हणजे कोड लिहितानाच काळजी घेणे. ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारा भाग वेगळा काढायचा आणि बाकीचा कोड त्याच्यापासून अलिप्त ठेवायचा. एसक्यूलाइट हे याचे उत्तम उदाहरण आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा छोटा डेटाबेस आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे. फाइल वाचणे, लिहिणे, कुलूप लावणे ही कामे त्यात एका स्वतंत्र थरात ठेवली आहेत. त्या थराची एक आवृत्ती युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी आहे आणि एक विंडोजसाठी. बाइटचा क्रमही ठरवून दिलेला असल्यामुळे एका यंत्रावर तयार झालेली फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी उघडते. या मार्गात कष्ट प्रोग्रामरचे असतात आणि ते आधीच करावे लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे मध्ये एक काल्पनिक यंत्र उभे करणे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा ही भाषा आणली ती ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ या घोषणेसह. जावाचा कोड खऱ्या प्रोसेसरसाठी नव्हे, तर ‘व्हर्च्युअल मशीन’ या काल्पनिक यंत्रासाठी कंपाइल होतो. ते यंत्र प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर बसवले की झाले. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणच्या या यंत्रात थोडेफार फरक राहिले आणि प्रोग्रामरांनी ‘एकदा लिहा, सगळीकडे दुरुस्त करत बसा’ असा विनोद रूढ केला. तरीही प्रत्येक प्रोग्राम वेगळा पोर्ट करण्यापेक्षा एक यंत्र पोर्ट करणे स्वस्त पडते, हे जावाने सिद्ध केले.

तिसरा मार्ग दुभाष्याचा. प्रोग्राम तसाच ठेवायचा आणि त्याच्या विनंत्या दुसऱ्या सिस्टिमच्या भाषेत बदलून द्यायच्या. १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन हा प्रकल्प लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम याच पद्धतीने चालवतो. त्याच्या आधारे वाल्व्ह या गेम कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणले. २०२२ मध्ये बाजारात आलेले तिचे स्टीम डेक हे हातात धरायचे यंत्र लिनक्सवर चालते, पण त्यावर विंडोजसाठी लिहिलेले असंख्य गेम खेळता येतात. उलट दिशेने मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवण्याची सोय दिली. तिची पहिली आवृत्ती विनंत्यांचे भाषांतर करत असे. दुसऱ्या आवृत्तीत मात्र कंपनीने विंडोजच्या आत खरा लिनक्स गाभाच चालवायला घेतला. दुसऱ्या सिस्टिमच्या प्रत्येक लकबीची हुबेहूब नक्कल करणे किती अवघड असते, हे यावरून दिसते.

पोर्टेबल कोडची भीती कोणाला वाटते?

ऑपरेटिंग सिस्टिम विकणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने पोर्टेबल कोड ही दुधारी गोष्ट आहे. लोक ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यासाठी घेत नाहीत, तिच्यावर चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी घेतात. जास्त लोक वापरतात म्हणून प्रोग्रामर त्याच सिस्टिमसाठी लिहितात आणि प्रोग्राम जास्त असतात म्हणून लोक तीच सिस्टिम घेतात. नव्या स्पर्धकाला या चक्रात शिरणे फार कठीण जाते.

अमेरिकी सरकार आणि अनेक राज्यांनी मे १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात हाच मुद्दा मध्यवर्ती होता. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये दिलेल्या निष्कर्षांत, विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांचा हा डोंगर स्पर्धकांच्या वाटेतील मुख्य अडसर असल्याचे नोंदवले. नेटस्केपचा ब्राउझर आणि जावा यांच्यापासून मायक्रोसॉफ्टला धोका वाटला, कारण त्यांच्यावर लिहिलेला प्रोग्राम कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर चालू शकला असता. मग विंडोजच घ्यायला हवी, असे कारण उरले नसते. २००१ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरल्याचा ठपका कायम ठेवला. आपल्या साधनांनी लिहिलेला जावाचा कोड केवळ विंडोजपुरता राहू शकतो, याबाबत प्रोग्रामरांची दिशाभूल केल्याचा मुद्दाही त्यात होता.

जावावरून सन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात वेगळा खटलाही सुरू होता. तो १९९७ मध्ये दाखल झाला आणि जानेवारी २००१ मध्ये २ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

एखादा देशच अडकला तर?

पोर्टेबिलिटीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे दक्षिण कोरियाने अनुभवले. १९९० च्या दशकात अमेरिकेने मजबूत एन्क्रिप्शनच्या निर्यातीवर बंधने घातली होती. परदेशात मिळणाऱ्या ब्राउझरमधील सुरक्षा त्यामुळे कमकुवत असे. ऑनलाइन बँकिंग सुरक्षित करण्यासाठी कोरियाने स्वतःची १२८ बिटची ‘सीड’ ही पद्धत तयार केली. १९९९ मध्ये इलेक्ट्रॉनिक सहीचा कायदाही आला. विचार दूरदृष्टीचा होता, पण ब्राउझरांना ही पद्धत ठाऊक नव्हती. ती चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स या तंत्राचा आधार घेण्यात आला, आणि ॲक्टिव्हएक्स चालत असे ते फक्त विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये.

परिणामी, वेगवान इंटरनेटसाठी जगभर नावाजलेल्या या देशात ऑनलाइन पैसे पाठवायचे किंवा सरकारी कागद काढायचा तर बराच काळ विंडोज आणि इंटरनेट एक्सप्लोररला पर्याय नव्हता. मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्याला या एका कामासाठी दुसरा संगणक शोधावा लागे. ॲक्टिव्हएक्सचे तुकडे सतत उतरवून घ्यावे लागत असल्याने समोर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याची सवय लोकांना लागली. सुरक्षेसाठी आणलेली व्यवस्था अशी सुरक्षेलाच मारक ठरू लागली.

२०१४ मध्ये हा विषय थेट राष्ट्राध्यक्षांच्या बैठकीत पोहोचला. एका लोकप्रिय कोरियन मालिकेतील नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना हवा होता, पण कोरियन संकेतस्थळांवरील या अटींमुळे तो त्यांना विकत घेता येत नव्हता. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष पार्क गून-हे यांनीच हे उदाहरण जाहीरपणे दिले. तरी पूर्ण सुटका व्हायला आणखी वर्षे गेली. सरकारमान्य प्रमाणपत्रांचा विशेष दर्जा कायद्याने संपला तो १० डिसेंबर २०२० रोजी. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या नव्या एज ब्राउझरमधून ॲक्टिव्हएक्स केव्हाच वगळले होते. ज्या कंपनीच्या तंत्रावर देशाचा व्यवहार उभा होता ती कंपनी पुढे निघून गेली आणि देश मागे राहिला.

मग सगळेच कोड पोर्टेबल का नसतात?

कारण पोर्टेबिलिटी फुकट मिळत नाही. प्रत्येक सिस्टिमवर वेगळी चाचणी घ्यावी लागते. एखाद्या सिस्टिमची खास सोय वापरायची नाही असे ठरवले, तर प्रोग्राम सगळीकडे चालतो, पण कुठेच पूर्ण खुलत नाही. मधला थर जाड असेल तर वेग कमी होतो आणि मेमरी जास्त लागते. आजची अनेक डेस्कटॉप ॲप इलेक्ट्रॉन या साधनावर बांधलेली असतात. त्यात प्रत्येक ॲपसोबत जवळजवळ एक अख्खा ब्राउझर येतो. कंपनीचा खर्च वाचतो, पण त्याचा भार वापरणाऱ्याच्या रॅमवर पडतो. कारखान्यातील एकाच यंत्रासाठी लिहिलेल्या प्रोग्रामला मात्र तीन सिस्टिमवर चालवण्याचा खटाटोप बहुधा निरर्थक ठरेल.

निर्णय अवघड होतो तो दीर्घकाळ चालणाऱ्या आणि अनेकांना वापरावा लागणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत: बँका, रुग्णालये, शाळा, सरकारी सेवा. इथे सुरुवातीला वाचवलेला खर्च पुढे कैक पटींनी वसूल होतो आणि तो भरणारे लोक निर्णय घेणारे नसतात.

ब्राउझरमुळे प्रश्न सुटला का?

बराचसा सुटला. बँकेचे व्यवहार, ईमेल, कागदपत्रे ही कामे आज कोणत्याही सिस्टिमवरच्या ब्राउझरमध्ये होतात. सी भाषेतला कोड थेट ब्राउझरमध्ये चालवू देणारे वेबअसेम्ब्ली हे तंत्र २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत आहे आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याला वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. १९९८ च्या खटल्यात ज्या शक्यतेची चर्चा होती, ती बऱ्याच अंशी प्रत्यक्षात आली आहे.

मात्र अवलंबित्व संपलेले नाही, ते एक मजला वर सरकले आहे. क्रोम, एज आणि ऑपेरा हे तिन्ही ब्राउझर आज गूगलच्या पुढाकाराने तयार होणाऱ्या क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. ‘हे संकेतस्थळ फक्त क्रोममध्ये नीट चालते’ ही सूचना पुन्हा दिसू लागली आहे. मोबाइलवर तर अँड्रॉइड आणि आयफोन अशा दोन स्वतंत्र वसाहती आहेत आणि दोघींसाठी वेगळा कोड लिहिण्याचा प्रश्न तिथे जसाच्या तसा आहे.

त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना, विशेषतः संस्थेसाठी निवडताना, काही प्रश्न आधीच विचारून ठेवलेले बरे. ते एकापेक्षा जास्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते का? वेबवर असेल तर एकापेक्षा जास्त ब्राउझरमध्ये चालते का? त्यात साठवलेली माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येते का? आणि ते बनवणारी कंपनी उद्या बंद पडली किंवा तिने ते तंत्रच सोडून दिले, तर संस्थेच्या हाती काय उरते? या प्रश्नांची उत्तरे खरेदीच्या करारावर सही होण्याआधी मिळवणे फारसे खर्चाचे नसते. सहीनंतर मात्र त्यांची किंमत वर्षागणिक वाढत जाते.